बाबांना शेवटी भीती वाटली, म्हणून त्यांचं कीर्तन खोटं ठरत नाही

पत्र

माझे वडील कीर्तनकार होते. बार्शी तालुक्यात आणि आसपासच्या गावांत उभं आयुष्य त्यांनी सप्ताह केले. दहाव्याची प्रवचनं तर किती केली याची मोजदाद नाही. घाटावर उभे राहून ते लोकांना सांगायचे, ‘रडू नका, जीव वैकुंठाला गेला.’ ‘आपुले मरण पाहिले म्यां डोळां’ हा त्यांचा आवडता अभंग. तो निरूपणाला घेतला की बायका डोळे पुसत पुसत हसायच्या.

मागच्या वर्षी फुप्फुसात पाणी झालं म्हणून त्यांना सोलापूरला दवाखान्यात ठेवलं. शेवटच्या रात्री जवळ मी एकटीच होते. मास्क बाजूला करून त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि म्हणाले, ‘बये, लई भ्या वाटतंय गं. पुढं काय आसंल? मला नाय जायचं अजून.’ मी म्हणाले, ‘काही नाही होत बाबा, झोपा.’ पहाटे ते गेले. गळ्यातली माळसुद्धा आयसीयूत काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्याकडे दिली होती.

गावात सगळे सांगतात, महाराज ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणत हसत गेले. दहाव्याला कावळा तासभर शिवला नाही. काका म्हणाले, ‘जीव अडकलाय कुठंतरी. अंती मती तशी गती.’ घरात गरुडपुराण लावलं होतं, ते ऐकून मला रात्र रात्र झोप येईना. मी रडले की काका गाडगेबाबांची गोष्ट सांगतात, मुलगा गेल्याचं कळलं तरी त्यांनी कीर्तन थांबवलं नाही म्हणून. आता वर्षश्राद्धाला कीर्तन आहे आणि भाऊ म्हणतो, बाबांच्या शेवटच्या क्षणाबद्दल तूच चार शब्द बोल. त्या रात्रीचं मी कुणालाही सांगितलेलं नाही. बाबांचा स्वतःच्या बोलण्यावर विश्वास नव्हता का? आणि ते कुठे गेले असतील?

— एक लेक

उत्तर

ताई, आधी काकांच्या त्या एका वाक्याचं बघू, कारण मला वाटतं तेच तुम्हाला झोपू देत नाहीये. ‘अंती मती तशी गती.’ शेवटच्या घडीला मनात जे असेल तसं पुढचं मिळतं. हे काकांनी मनानं रचलेलं नाही. गीतेच्या आठव्या अध्यायात त्याचा आधार आहे आणि कीर्तनांतून ते हजारदा सांगितलं जातं. म्हणून तर ते इतकं लागतं. बाबांच्या मनात शेवटी भीती होती, मग त्यांची गती काय, असं तुम्ही स्वतःला विचारत राहता.

पण त्याच अध्यायावर ज्ञानेश्वर महाराजांनी काय लिहिलंय ते काका सांगायला विसरले. हीच शंका तिथे घेतली आहे. मरताना शरीर व्याकूळ असतं, जीव घाबरा होतो, अशा वेळी बिचाऱ्याला नामस्मरण कसं जमणार? त्यावर देव जे म्हणतो ते मी माझ्या शब्दांत सांगते. ज्यांनी जन्मभर माझी सेवा केली, त्यांनी शेवटच्या क्षणी आठवण काढली तरच मी जायचं असं असेल, तर त्यांच्या सेवेला किंमत ती काय राहिली? एखादा दीनदुबळा संकटात हाक मारतो तरी मी धावतो. मग माझ्या माणसांनाही तेवढंच द्यायचं असेल, तर भक्तीची हौस कोण करील? त्यांचं ऋण माझ्यावर आहे, म्हणून देह सुटायच्या वेळी त्यांची परिचर्या मीच करतो. आणि मग ती ओवी येते: ‘देहवैकल्याचा वारा । झणें लागेल या सुकुमारा’. शरीराच्या विकलतेचं वारंसुद्धा या नाजूक जिवाला लागू नये, म्हणून देव त्याला जपतो, आपल्या स्मरणाची गार सावली त्याच्यावर धरतो.

हा भाग पुन्हा वाचा, ताई. घरात बाबांची ज्ञानेश्वरी असेलच, आठवा अध्याय काढा. तिथे मरणाऱ्या माणसाची परीक्षा घेतलेली नाही. सगळी जबाबदारी देवानं आपल्याकडे घेतली आहे. घाबरलेल्या भक्तासाठीच ते लिहिलं आहे, कारण न घाबरणाऱ्याला कोणी सावली धरायची गरजच नसते. तुमच्या वडिलांनी ज्ञानेश्वरी आयुष्यभर सांगितली. त्यांना ही ओवी पाठ असणार. ती त्या रात्री आठवली नसेल, हे अगदी शक्य आहे. तिचं म्हणणंच हे आहे की नाही आठवली तरी चालतं.

परिचर्या कुणाच्या हातून होते, याचाही विचार करा. मास्क सरकला की नीट बसवणारे, सुकलेल्या ओठांवर ओला कापूस फिरवणारे, त्यांनी धरले तेव्हा न सोडवून घेतलेले हात त्या खोलीत तुमचे होते. ‘काही नाही होत बाबा, झोपा’ एवढंच बोलता आलं, याची तुम्हाला टोचणी आहे हे पत्रातून दिसतं. त्या वेळी दुसरं काय बोलायचं असतं? त्यांना निरूपण नको होतं. ते त्यांनी स्वतः पुष्कळ केलं होतं.

थोडं शरीराबद्दलही बोलायला हवं. फुप्फुसात पाणी साठलं की श्वास पुरत नाही. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदू गुदमरण्याचा इशारा देतो, आणि त्या इशाऱ्याची भीती ज्ञानी-अज्ञानी बघत नाही. तान्ह्या बाळाला वाटते, पहिलवानाला वाटते, महाराजांनाही वाटते. त्यात ज्या माणसाचं सारं आयुष्य श्वासावर चाललं, पखवाजाच्या बरोबरीनं दोन-दोन तास उभं राहून ज्यानं चाली म्हटल्या, त्याला श्वास तुटल्यावर काय वाटलं असेल! पण सगळं आजारावर ढकलून मी मोकळी होणार नाही. ‘पुढं काय आसंल?’ हा प्रश्न ऑक्सिजन कमी पडला म्हणून येत नाही. तो त्यांचा स्वतःचा, खरा प्रश्न होता.

आणि तो त्यांनी तुम्हाला विचारला. मला तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही वाटते. तुमचे वडील दहाव्याला घाटावर उभे राहायचे, समोर नुकतंच मुंडन केलेली पोरं, डोक्यावरून पदर घेतलेल्या बायका, आणि सगळ्यांचे डोळे त्यांच्याकडे, की महाराज आता सांगतील आपलं माणूस कुठे गेलं. तिथे ‘मलाही ठाऊक नाही’ असं म्हणायची सोय नसते. घरी यावं तर तिथेही ते महाराजच. फडावर, दिंडीत, सप्ताहाच्या मांडवात लोक पाया पडायला वाकलेले. मग असा माणूस आपली शंका घेऊन कुणापुढे बसणार? बहुतेक आयुष्यभर कुणापुढेच नाही. त्या रात्री पहिल्यांदा समोर श्रोता नव्हता, लेक होती. त्यांनी टोपी, फेटा, उपरणं सगळं उतरवून तुमच्याशी बाप म्हणून बोललं. लोकांशी खोटं वागलेला माणूस शेवटी इतकं खरं बोलत नाही. खोटं वागणारे शेवटपर्यंत सोंग सांभाळतात.

आता त्यांच्या कीर्तनाचं. ‘आपुले मरण पाहिले म्यां डोळां’ म्हणणारा माणूस मरणाला कसा घाबरला, असं तुम्हाला वाटतं. पण त्या अभंगात कोण मेलं ते तुकोबांनीच सांगितलंय: मी अहंकारानं भरलेलो होतो, तो टाकला आणि सुकाळ झाला. मरण आलं ते ‘मी’पणाला, आणि ते बघायला तुकोबा जिवंत होते. दवाखान्यातल्या खाटेवर श्वास कसा सोडावा याचा तो धडा नव्हे. बाबा हा अभंग घेत तेव्हा तिसऱ्या चरणाशी हे सांगत असणारच. ऐकणाऱ्यांच्या, आणि लेकीच्याही, मनात फक्त पहिली ओळ राहते.

त्याहून मोठा पुरावा तर रोज तुमच्या कानावर पडत होता. कीर्तन संपताना ते काय म्हणायचे? ‘हेचि दान देगा देवा’. त्याचा शेवट आठवा: ‘न लगे मुक्ति धन संपदा । संतसंग देई सदा ॥ तुका म्हणे गर्भवासी । सुखे घालावे आम्हासी’. मुक्ती नको, परत जन्माला घाल, पण ही संगत दे. ज्या माणसानं जन्मभर रात्री टाळ खाली ठेवताना देवाकडे इथेच परत येण्याचं मागणं मागितलं, तो शेवटच्या रात्री म्हणाला, ‘मला नाय जायचं अजून.’ मला तर यात कुठेच विसंगती दिसत नाही. वैकुंठाची वर्णनं त्यांनी रडणाऱ्यांच्या समाधानासाठी केली असतील, मनापासूनही केली असतील. पण वारकऱ्याचा जीव खरा अडकतो तो वाळवंटात, दिंडीत, माणसांत.

नामदेवांचं बघा. 1350 साली पंढरपूरला त्यांनी देह ठेवला असं परंपरा सांगते. त्यांना जागा कुठली हवी होती? महाद्वाराची पायरी. येणाऱ्या-जाणाऱ्या भक्तांच्या पायाची धूळ लागावी म्हणून. समोरच चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून ते गेले, आणि त्यांच्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं म्हणून नामदेवांनी ती ओळखून पंढरपूरला आणली, अशी कथा आहे. ज्याला जिवंतपणी देवळात पाय ठेवू दिला नाही, त्याच्या भक्तांनी मेल्यावर त्याला कुठे नेऊन ठेवलं, तर दारात. आळंदीला जा, तिथेही महाद्वारात हैबतबाबांची पायरी. माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचं रूप देणारा हा माणूस पायरीवरच थांबला. आमच्या संतांचं परलोकाचं स्वप्न असं उंबऱ्यापाशी, लोकांच्या पायांपाशी येऊन थांबतं. तुमच्या बाबांनी तुम्हाला लहानपणी त्या पायऱ्या दाखवल्या असतील. वर पाय न ठेवता ओलांडायला शिकवलं असेल.

रडण्याबद्दल काका जे म्हणतात ते मला अजिबात पटलं नाही. खारेपाटणला गाडगेबाबांच्या कीर्तनात मुलाच्या मृत्यूची बातमी आली आणि ‘असे गेले कोट्यानुकोटी, काय रडू एकासाठी’ म्हणून ते कीर्तन करत राहिले, ही गोष्ट महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे. ती त्या थोर माणसाची स्वतःची धारणा होती आणि तिचा भार त्यांनी स्वतःच उचलला. दुसऱ्याच्या लेकीला गप्प करायला ती वापरू नये. आणि दाखलेच द्यायचे तर परंपरेत दुसरेही आहेत. 1296 साली आळंदीला ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली, त्या प्रसंगाचे नामदेवांचे अभंग आहेत. त्यात निवृत्तिनाथ, म्हणजे खुद्द गुरू, सांगतात की बांधलेलं तळं फुटून पाणी बारा वाटांनी निघून गेलं, पेंढीचा बांध सुटून गवत रानोमाळ पांगलं. ज्याला सगळं कळत होतं असा माणूस असा बोलतो.

मग तुकोबांच्या घरी काय झालं ते पाहा. 1650 सालच्या फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबा गेले. आपण तो दिवस बीज म्हणून साजरा करतो, वैकुंठगमनाचा सोहळा म्हणतो. देहूत त्या दिवशी मागे राहिल्या त्या जिजाबाई, पोटात मूल असलेल्या. आणि धाकटा भाऊ कान्होबा. या कान्होबांचे शोकाचे अभंग गाथेतच आहेत. ते विठ्ठलाशी भांडतात, त्याला वाटेल ते बोलतात. एका ठिकाणी तर सरळ म्हणतात: ‘भुक्ति मुक्ति तुझें जळों ब्रह्मज्ञान । दे माझ्या आणोनि भावा वेगीं’. जळो तुझी मुक्ती, जळो ते ब्रह्मज्ञान, माझा भाऊ आणून दे. भाऊ वैकुंठाला गेला हे त्यांना कोणी सांगितलं नसेल? तरी त्यांना तो देहूत हवा होता. आणि पुढच्या वारकऱ्यांनी हे अभंग गाथेतून काढून टाकले नाहीत, लाज वाटून झाकले नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या जपले. जिजाबाईंच्या पोटातलं ते मूल म्हणजे नारायण महाराज. त्यांनी 1685 साली पालखीची प्रथा सुरू केली. ज्या लेकानं बापाचं तोंडही पाहिलं नाही, त्यानं बापाच्या पादुका पंढरीला नेल्या.

कावळ्याचं थोडक्यात सांगते. घाटावर गर्दी असते, ऊन चढलेलं असतं, आसपास दुसरे पिंड ठेवलेले असतात, कावळे कधी येतात कधी नाही. शास्त्रानंही हे धरलेलंच आहे. म्हणून तर कावळा शिवला नाही तर दर्भाचा कावळा करून शिववतात. अशी सोय करून ठेवणाऱ्यांनी तुमच्या बाबांचा जीव अडकल्याचा निकाल दिलेला नाही, तो काकांनी दिला. गरुडपुराणातल्या यमलोकाच्या वाटेच्या, वैतरणीच्या वर्णनांनी तुम्ही घाबरत असाल, तर वर्षश्राद्धाला ते पुन्हा लावू नका. कुणाचा अपमान होत नाही. कितीतरी माळकरी घरांत त्याऐवजी ज्ञानेश्वरी वाचतात, संध्याकाळी हरिपाठ म्हणतात. भावाला तसं स्पष्ट सांगा. घरातल्या बाईला झोप येत नाही, एवढं कारण पुरेसं आहे. माळेची बोच मी समजू शकते. माळकऱ्याच्या गळ्यातून माळ निघणं ही साधी बाब नाही. पण ती बाबांनी काढली नव्हती. उपचारासाठी दुसऱ्यानं काढली. त्याचा दोष ना त्यांना ना तुम्हाला. ती अजून पिशवीतच असेल तर बाहेर काढा, आणि पुढे काय करायचं ते आईला विचारा. त्यांचा हक्क पहिला.

ते कुठे गेले, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मी श्रद्धा ठेवते, पण पाहिलेलं काही नाही, आणि घाटावर बोलणाऱ्या कुठल्याही महाराजांनी पाहिलेलं नसतं. ते श्रद्धेनं सांगतात. तुमचे वडीलही तसंच सांगत होते. श्रद्धा ठेवणाऱ्याला शंका येते. ज्याला नक्की ठाऊक आहे त्याला श्रद्धेची गरज कशाला?

राहिलं ते भाषण. ‘विठ्ठल विठ्ठल म्हणत हसत गेले’ हे तुम्ही बोलू नका. गावातल्या म्हाताऱ्यांनी प्रेमानं ती गोष्ट केली आहे, त्यांची सुधारत बसू नका. पण तुमच्या तोंडून ती गेली तर ती पक्की होईल, आणि त्या मांडवात बसलेली दुसरी एखादी लेक, जिच्या बापानं शेवटी आकांत केला, ती मान खाली घालून घरी जाईल. त्या रात्रीचं माइकवर सांगायचीही गरज नाही. बाबांनी ते मांडवाला सांगितलं नव्हतं, तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही त्यांच्या जगण्याबद्दल बोला. पहाटे उठून काकड्याला कसे निघायचे, एसटी चुकली तर पुढच्या गावाला कसे पोचायचे, कुणाच्या दहाव्याला पाकीट घेतलं नाही. हे तुम्हालाच माहीत आहे, सगळं खरं आहे.

आईला मात्र सांगा, एकटीला, घरात कुणी नसताना. मला वाटतं त्यांना ऐकून धक्का बसणार नाही. इतक्या वर्षांच्या संसारात कीर्तनाहून परतलेला नवरा रात्री उठून ओसरीवर बसलेला त्यांनी पाहिला असेल. कदाचित त्यांच्याकडेही तुम्हाला सांगायला काही असेल. भावाला सांगायचं की नाही ते त्यानंतर दोघी मिळून ठरवा.

आणि वर्षश्राद्धाला जे कीर्तनकार येणार आहेत, त्यांना आधीच फोन करून विचारा की निरूपणाला कान्होबांचा अभंग घ्याल का. अशा दिवशी सहसा वैकुंठाचाच अभंग घेतात, म्हणून ऐनवेळी सांगू नका, आठवडाभर तरी आधी सांगा. चालीसाठी टाळकऱ्यांनाही थोडी तयारी लागेल. कुणी कारण विचारलं तर बाबांच्या लेकीची इच्छा आहे म्हणून सांगा.